दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंत, मिस्टरांच्या डाव्या फुप्फुसाचा एक लोब (भाग) कॅन्सरमुळे काढून झाला आणि आता उजव्या फुप्फुसात गाठ. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे रेडिएशन. वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही हे होऊन गेलंय.

आधी एवढं विचारा: गाठ जुन्याच कॅन्सरची पसरलेली, की नव्याने झालेली? पुढचं सगळं त्यावर ठरतं. पहिल्या ऑपरेशनचे ब्लॉक आणि स्लाइड्स (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने) हॉस्पिटलकडून मागून घ्या. ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या चाचण्या त्यावर होऊ शकतात. पॉझिटिव्ह आल्या तर गोळ्यांचाही मार्ग असतो. पीएफटी (फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी) नव्याने करा, त्यात डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप, हवंच. उरलेल्या फुप्फुसाला ऑपरेशन झेपेल का, ते त्यावरून कळतं. झेपणार नसेल तर लहान गाठीसाठी एसबीआरटी हे नेमकं गाठीवरच जोरात दिलं जाणारं रेडिएशन चांगला उपचार आहे, त्याला कमी लेखू नका. परळला टाटाला जाणं जमत नसेल तर ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेमार्फत रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं मत मिळतं.

आणि मिस्टरांच्या मनात काय आहे ते एकटे असताना विचारा. आमचे हे पाहुण्यांसमोर “करू की” म्हणायचे. रात्री मी ओटा पुसत होते तेव्हा हळूच म्हणाले, “त्या नळीची भीती वाटते गं.” म्हणजे ऑपरेशननंतर छातीत ठेवतात त्या ड्रेनची. मग सर्जनशी दुखण्याबद्दल आधीच बोललो, एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ दिलं जाणारं दुखणं कमी करणारं औषध) द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे ते नीट जेवले.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वास ओढून चेंडू वर उचलायचा, ते व्यायामाचं साधन) आजपासूनच सुरू करा. हॉस्पिटलात रात्री थांबायला दिराला, भाच्याला हक्काने सांगा. तुमचीही झोप व्हायला हवी.