जुनं फाइनवेर्कबाऊ ६५ एअर पिस्तूल दुरुस्त करायचंय, आधी काय बदलू?

करवीर_नेम:
नमस्कार मंडळी. मामांनी त्यांचं जुनं फाइनवेर्कबाऊ ६५ मला दिलंय, क्लबात दहा मीटर खेळायचे तेव्हाचं. लाकडी मूठ एकदम झकास, वरचं ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) एकदोन ठिकाणी उडालंय पण गंज कुठेच नाही. लिव्हर नीट ओढली जाते, ट्रिगरही छान सुटतो, पण छर्रा पुठ्ठ्यातून आरपार जातच नाही, नुसता खड्डा पाडतो, आवाज फुसका येतो आणि नळी साफ करताना आतनं पिवळट चुरा निघाला. स्प्रिंग गेली असावी असं वाटतंय. उद्यमनगरात ओळखीचा लेथवाला आहे, तो म्हणतो नमुना आण, पाहिजे ते बनवून देतो. जमलंच तर ब्लूइंगपण करून घेईन म्हणतो. शोकेसमध्ये नाही ठेवायचं, वापरायचंय.

रेंजवाले_काका:
स्प्रिंगला हात लावू नका आत्ता. पिवळा चुरा म्हणजे पिस्टनचं सील गेलं, या पिस्तुलाचं हे ठरलेलं दुखणं आहे. १९६५ साली हे मॉडेल आलं आणि त्या काळच्या सीलचं प्लॅस्टिक वर्षं गेली की आपोआप भुसभुशीत होतं, वापरा नाहीतर पेटीत ठेवा. सायकलच्या पंपाचा वॉशर गेला की दांडा हलतो पण हवा भरत नाही ना, तसंच. पिस्टन पुढे येतो पण हवा दाबली जात नाही. त्याच्या जोडीला ब्रीचचं, म्हणजे नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडाचं, सीलपण बदला, तेही त्याच वयाचं आहे.

उघडायच्या आधी एक नीट ऐका. स्प्रिंगवर बंद असतानाही दाब असतो, नुसत्या हाताने मागचा भाग सोडवायला गेलात तर तोंडावर येईल. स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच, नसला तर लेथवाल्याकडूनच एक साधी चौकट आणि लांब स्क्रू असं करून घ्या. स्क्रूच्या खाचेत बरोब्बर बसेल असाच ड्रायव्हर वापरा, जुन्या स्क्रूची डोकी एकदा खराब झाली की तो बदल कायम डोळ्याला टोचतो. आणि प्रत्येक पायरीला फोटो काढा.

ब्लूइंग अजिबात करू नका. गंज नाही ना, मग नुसता तेलाचा फडका फिरवा. तुमच्या मामांच्या हाताने झिजलेलं आहे ते, तेच त्याचं खरं रूप.

उद्यमनगर_टर्नर:
नमुन्यावरून सील बनवायचं नाही, नमुन्याचाच चुरा झालाय मग माप कशाचं घेणार? माप सिलिंडरच्या आतून घ्यायचं, तेही दोनतीन ठिकाणी, कारण जुन्या सिलिंडरला एखाद्या जागी झीज असते. मटेरियल पॉलियुरेथेनचा रॉड घ्या, साधं रबर चालत नाही आणि टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू दबत जातं. पुढची कड कपासारखी पातळ ठेवायची, हवेच्या दाबाने तीच फाकते आणि भिंतीला चिकटून सील करते. थोडं जास्त मापाचं बनवून मग पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासत घासत बसवायचं. आपल्या वजनाने घसरत गेलं तर सैल, ठोकून घालावं लागलं तर घट्ट, अंगठ्याने ढकलल्यावर थोडी अडवणूक करत गेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त नवीन सीलं कुठे मरतात माहितेय का, बसवतानाच. सिलिंडरला लिव्हरसाठी जी खाच असते तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात, सील त्यावरनं गेलं की ती पातळ कड कापली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्या कडा आधी बारीक एमरीने मारून घ्या.

रेंजवाले_काका:
टर्नर साहेब अगदी बरोबर. त्यात भर घालतो. हवेच्या खोलीत साधं तेल किंवा ग्रीस टाकू नका, दाबाने ते पेटतं आणि नवीन सील जळतं, तिथे सिलिकॉनचा अगदी अंश पुरे. धातूवर धातू घासतो तिथे मॉली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस. या पिस्तुलाची खरी गंमत म्हणजे बार झाला की वरचा सगळा भाग रुळांवरून मागे सरकतो, म्हणून हाताला झटका लागत नाही. ते रूळ जुन्या तेलाने चिकट झाले असतील तर सरकणं अडतं, झटका बसतो आणि माणूस उगाच स्प्रिंगला दोष देतो. रॉकेलने साफ करून हलकं तेल लावा.

ट्रिगर छान आहे म्हणता तर त्याला सोडा. ५०० ग्रॅम आणि १३६० ग्रॅम अशा दोन सेटिंगा त्यात कंपनीनेच दिल्यात. आतल्या खाचेला एमरी मारलीत की कडक थर निघून जातो आणि मग लिव्हर बंद करताना बार होऊ शकतो. छर्रा भरताना लिव्हर हाताने धरूनच ठेवायची, आणि छर्रा न घालता कधी मारायचं नाही, पुढे अडवायला काही नसलं की पिस्टन जाऊन आदळतो.

साताऱ्याचा_नातू:
मध्येच विचारतो, आजोबांचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे घरात, लायसन आहे. त्याचा पण पार्ट असाच लेथवर बनवून घेता येईल का?

रेंजवाले_काका:
नाही. ते फायर आर्म आहे. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीसुद्धा लायसनवाल्यानेच करायची, आणि शस्त्राचे पार्ट हेसुद्धा कायद्याने शस्त्रच. तुमचं लायसन बाळगायचं आहे, दुरुस्त करायचं नाही. कागद घेऊन अधिकृत आर्मररकडे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे, जा. वरची सगळी चर्चा फक्त एअर पिस्तुलाची आहे, ०.१७७ इंच बोअर (नळीचं आतलं माप) आणि २० ज्युल ताकदीच्या आतल्या एअरगनला लायसन लागत नाही, हे तर ५ ज्युलच्या आसपासच आहे.

करवीर_नेम:
काका, टर्नर साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं. खाचेच्या कडा खरंच धारदार होत्या. आता छर्रा पुठ्ठ्यात स्वच्छ गोल भोक पाडतोय. पण ब्रीचच्या सांध्यावर टिश्यूची बारीक पट्टी ठेवून मारलं तर पट्टी थोडी हलते, म्हणजे तिथून हवा जातेय का?

उद्यमनगर_टर्नर:
हो, तिथून जातेय. ब्रीचचं सील थोडं खाली बसलं असणार. त्याच्या खाली पितळी पत्र्याची बारीक शिम (पातळ चकती) घाला, अगदी पातळ, मग परत पट्टी लावून बघा. लिव्हर बंद करायला जोर लागायला लागला तर समजा शिम जाड झाली.