पडून असलेल्या माणसाच्या पलंगावर बांबूची बेडशीट घालावी की सुती?

जुळेसोलापूरकर

सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. फेब्रुवारीत न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दिवसातले अठरा-एकोणीस तास पलंगावरच. त्यात आपला एप्रिल. रात्री दोनला हाक येते, "पाठ चिकटायलीय गं." उठून कूस बदलते, पाठ कोरडी करते, पण खालची बेडशीट ओलसरच असते.

परवा नवी पेठेत गेले. दुकानदारानं बांबूची बेडशीट पुढे केली. गार राहते, जंतू धरत नाही, घामाचा वास लागत नाही, पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ देत नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. किंमत 3,600 रुपये. त्याच मापाची साधी सुती 1,200 ला. हात फिरवून पाहिला तर बांबूची खरोखर सायीसारखी मऊ. नणंदबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, आईच्या बाबतीत पैशाकडे बघू नका. मी बघतही नाही. पण जखम होऊ न देणारी बेडशीट हे काही माझ्या गळी उतरेना. माझा कल सुतीकडे आहे. दोन्ही वापरलेल्यांनी कारणासकट सांगा.

विजापूरवेस

ताई, सोलापुरात राहून हा प्रश्न? आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, लोक गावोगावाहून येऊन नेतात. डोळे झाकून सुती घ्या.

सातरस्ता

विजापूरवेस, सोलापुरी चादर पांघरायची असते. जाड सूत, जकार्डची नक्षी. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीखाली अंथरली तर वळ उठतील. आपल्या चादरीचा अभिमान मलाही आहे, पण ताईंनी अभिमानाबद्दल विचारलेलं नाही.

मी तीन वर्षं बांबूची वापरते. पाळी जायच्या वयात रात्री अंगातून नुसत्या वाफा निघायच्या. सुती बेडशीट पहाटेपर्यंत ओली होऊन अंगाला लागायची, झोप मोडायची. बांबूची घाम पिऊन घेते आणि तरी वरून ओली लागत नाही. शिवाय गुळगुळीत असल्यामुळे कूस बदलताना कातडी ओढली जात नाही. 78 वर्षांच्या माणसाची कातडी कागदासारखी झालेली असते हो. तिथे सुताचा खरखरीतपणा टोचतो. ताई, हाताला जे मऊ लागलं त्यावर विश्वास ठेवा.

पूर्वभागकर

आधीच सांगतो, आमचं घर तीन पिढ्या मागावर आहे आणि आज टॉवेल विणतो, म्हणजे कापसाकडे माझा ओढा असणारच. तो वजा करून वाचा.

दुकानात बांबू म्हणून मिळतं ते बहुतेक सगळं व्हिस्कोज असतं. बांबूचा लगदा करायचा, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून तो विरघळवायचा, मग ते दाट द्रावण बारीक छिद्रांतून आम्लात सोडून धागा ओढायचा. लगदा निलगिरीचा असो की बांबूचा, शेवटी हातात येतो तो शुद्ध केलेला सेल्युलोज. बांबूच्या अंगात जंतू मारायचा काही गुण असलाच तर तो त्या द्रावणातच राहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच कारणासाठी व्यापाऱ्यांना बजावलं आहे की व्हिस्कोजला नुसतं 'बांबू' म्हणून विकायचं नाही. 2022 साली तिथल्या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून 55 लाख डॉलरचा दंड झाला. बांबू ठेचून, कुजवून थेट धागा काढता येतो, पण तो तागासारखा राठ लागतो. ताईंच्या हाताला सायीसारखं लागलं ते हे नव्हे.

आता मुख्य मुद्दा. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कापूस ओला झाला की उलट अधिक मजबूत होतो. घरी करून बघता येतं. कडेचा एक धागा काढा, मधोमध जिभेनं ओला करा आणि ओढा. व्हिस्कोज ओल्या जागीच तुटेल. (जाळून बघायचा उपाय इथे चालत नाही. दोन्ही कागदासारखेच जळतात. पॉलिस्टर मिसळलं असेल तर मात्र गोळी होते, तेवढं कळतं.) पडून असलेल्या माणसाची बेडशीट रोज निघते. गरम पाणी, जंतुनाशक, पिळणं, सगळं सोसावं लागतं. ओलेपणी कमजोर पडणारं कापड तिथे कशाला?

सातरस्ता

जंतूंचा दावा खोटा, हे मान्य. मीही त्यासाठी घेतली नव्हती. पण नाव चुकीचं म्हणून कापड वाईट ठरत नाही. व्हिस्कोज कापसापेक्षा जास्त ओल धरतं, हे तुम्ही मागवाले आमच्यापेक्षा चांगलं जाणता, तरी तेवढंच सांगायचं राहिलं. माझी तीन वर्षं टिकली आहे, गार पाण्यात, जाळीच्या पिशवीत घालून धुते. आणि बाजारात 'शंभर टक्के कॉटन' म्हणून पॉलिस्टर मिसळलेलं किती खपतं, तेही सांगा की. 1,200 ची ती बेडशीट खरंच सुती आहे का, हे ताईंना कोण सांगणार?

पूर्वभागकर

ओल जास्त धरतं, बरोबर. तेच मी लिहायला हवं होतं, कारण जास्त ओल धरणारं कापड सुकायलाही जास्त वेळ घेतं. आणि मिसळलेल्या सुताबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं, आमच्याच धंद्याचं नाव त्यानं खराब होतं. दुकानात कडेचा धागा मागून, बाहेर येऊन जाळून बघा. चांगला दुकानदार देतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी निसटते आहे, ती म्हणजे वीण. सातरस्ता ताईंना मऊ लागते ती बहुधा साटीनच्या विणीमुळेही. त्यात धागे वर तरंगत राहतात, कापड झुळझुळीत पण गच्च होतं. सोलापूरचा उन्हाळा कोरडा आहे, घाम उडून जायला वाव हवा. त्यासाठी एक धागा वर एक धागा खाली अशी साधी वीण बरी, हवा खेळते. आणि 800-1000 थ्रेड काउंटच्या (चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या) मागे लागू नका. पदर सुटे मोजून तो आकडा फुगवतात. साध्या विणीत 200-250 एकपदरी सूत असलं की झालं.

उजनीकाठ

पर्यावरणाचं कोणीच बोलत नाही. बांबूला खत-फवारणी फारशी लागत नाही, तोडला तरी पुन्हा फुटतो. कापसाच्या एका किलोमागे जगात सरासरी दहा हजार लिटर पाणी जातं म्हणतात. पाण्यासाठी तरसणाऱ्या जिल्ह्यात राहून आपण त्याचा विचार करायला नको का?

विजापूरवेस

आपल्याकडचा कापूस बहुतेक कोरडवाहू आहे भाऊ. विदर्भ-मराठवाड्यात पावसावर येतो. जगाची सरासरी त्याला कशी लावता? फवारणीचं मात्र मान्य, त्याच्यानं माणसं मेली आहेत. पण तो कार्बन डायसल्फाइड कारखान्यातल्या कामगाराच्या मज्जातंतूंना मारतो, तेही हिशेबात धरा. लायोसेल (लगद्याचाच, पण वेगळ्या द्रावकात विरघळवून काढलेला धागा) असेल तर गोष्ट वेगळी, त्यात द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवतात. लेबलवर तसं लिहिलंय का बघा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, ऑर्थो वॉर्डात बारा वर्षं झाली. ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. पाठीची जखम होते ती दाबानं, घासण्यानं आणि ओलीनं. बेडशीट कुठलीही असो, दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. हवेची गादी मिळत असेल तर बेडशीटच्या आधी ती घ्या. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. लाली बोटानं दाबूनही फिकी पडत नसेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

घासण्याबद्दल सातरस्ता ताईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गुळगुळीत कापडावर कातडी कमी ओढली जाते. पण उशाकडून पलंग उचलला की तीच बेडशीट माणसासकट खाली सरकते आणि कमरेखाली चुण्या जमतात. चुणी ही दगडासारखी रुतते. म्हणून मी सुतीच घालते, चारी बाजूंनी गादीखाली ताणून खोचते, आणि कमरेखाली आडवी एक वेगळी लहान सुती चादर. ओली झाली की फक्त ती काढायची, पूर्ण पलंग उस्तवायला नको.

सातरस्ता

रात्रपाळी ताई, सरकण्याचा अनुभव मला नाही, मी सपाट झोपते. तुमचं ऐकते. पण उशीच्या अभ्र्याला तरी बांबू घालू द्या त्यांना. गालाला, कानाला टोचत नाही. आणि माझ्या स्वतःच्या पलंगावरून ती कोणी काढायला सांगू नये, ती मी काढणार नाही.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला धुतलेली रोज मिळू दे, बाकी काय बी घाल."

तिथेच माझा हिशेब सुटला. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, मधले दिवस बोअरचं जड पाणी. रोज बदलायची तर नळ येईपर्यंत पाच तरी हव्यात, आणि 3,600 च्या पाच मी घेऊ शकत नाही. घेतली तर एकच घेईन आणि ती महाग म्हणून दोन दिवस तशीच ठेवीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. गच्चीवर सुती बेडशीट ऊन चढायच्या आत सुकते. साध्या विणीच्या पाच सुती घेते. आडव्या चादरींसाठी घरातली जुनी मऊ धोतरं आहेत, मामंजींची. ती चौपदरी करून शिवते. हवेच्या गादीचं आजच विचारलं, मेडिकलवाल्यानं उद्या दाखवतो म्हटलंय. नणंदबाईंना अभ्रे आणायला सांगते, बांबूचे. त्यांचंही मन राहील.

पूर्वभागकर, एकच विचारायचं राहिलं. गादी सव्वासहा बाय तीन फूट, जाडी सहा इंच. खाली खोचायला पुरेल आणि पहिल्या धुण्यात आटूनही पुरेल, अशी किती इंचाची सांगू?

पूर्वभागकर

लांबी 108, रुंदी 72 इंच. घेतल्या घेतल्या एकदा पाण्यात रात्रभर भिजवून खळ काढा, मगच अंथरा. खळ राहिली तर पाठीला खाज सुटते.