अनुभव धागा: सातवाहनांच्या काळात तुम्ही पोट कशावर भरलं असतं?

मागच्या महिन्यात आम्ही पाच-सहा जण वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून वर आलो, रांजणापाशी डबे सोडले आणि नेहमीचा खेळ सुरू झाला: दोन हजार वर्षांपूर्वी जन्मलो असतो तर? दोन मिनिटांत एक सेनापती, दोन राजे आणि एक राजवैद्य तयार. मी म्हटलं, अरे, तू आज कचेरीत आवक-जावक बघतोस, तेव्हा एकदम सेनापती कसा झालास?

म्हणून हा धागा. अट एकच. आज जे काम करता तेच पाठीवर घेऊन मागे जायचं. राजा-राणी बाद. आपल्याकडच्या लेण्यांत, नाण्यांत, उत्खननांत त्या कामाची खूण सापडली तर सांगा. नसेल सापडली तर तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात. मी आठ वर्षं हायवेवर पथकर नाक्यावर काढली. त्यामुळे नाणेघाटात सगळे माझ्याकडेच बघत होते. कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेनं जुन्नरकडे चढायचा, आणि व्यापारी जकातीची नाणी त्या दगडी रांजणात टाकायचे, असं प्रत्येक जण सांगतो. माझा नाही विश्वास. नाणी काढायला रोज कुणाला आत उतरवणार? आणि कुणी किती टाकली याचा मेळ कसा लावणार? आमच्याकडे चाळीस रुपये कमी भरले तरी ते पगारातून जायचे. मला तर तो पाण्याचाच वाटतो. पण वरच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (तेव्हाची नाणी). अक्षरांबरोबर आकडेही कोरलेत. शून्य नाही, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. ती यादी वाचताना मनात आलं, हे सगळं आलं कुठून? कुणीतरी खिंडीत उन्हात बसून गोळा केलंच असेल ना. तो मी.

ठाणे. बँकेतून निवृत्त, ठेव विभागात २६ वर्षं

मी नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन चक्क ऑडिट करून आले आहे. ऐका.

दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे खरं तर सातवाहनांच्या विरोधी पार्टीचा. त्या काळच्या कालगणनेच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यानं बौद्ध भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेवले. कुठे? राजाच्या तिजोरीत नाही, नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. एका श्रेणीकडे २००० शेकडा एक दरानं, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यात) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

आमच्या गाइडनं "एक टक्का व्याज" म्हणून पुढे चालायला सुरुवात केली. मी तिथंच थांबले. वर्षाला एक टक्का धरला तर २० कार्षापण होतात, वीस जणांना एकेकच मिळेल. मग दरमहा एक टक्का धरला. महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले वीस. बरोबर १२! पर्समधल्या पावतीच्या मागे हे लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला हो. दोन हजार वर्षांनी ताळेबंद जुळला, एक पैशाचा फरक नाही.

आणखी एक. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर लिहून ठेवलं, असंही त्या लेखात आहे. म्हणजे नोंदणीसुद्धा झाली. एवढी कागदपत्रं आमच्याकडे काही मोठे खातेदारही द्यायचे नाहीत.

मी त्या काळी असते तर श्रेणीकडे ठेवी सांभाळणारी झाले असते. बाईला ठेवलं असतं का, हा प्रश्न कृपया विचारू नका, १९८० च्या दशकात आमच्या शाखेतही तो विचारला गेला होता.

जाता जाता: १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला आहे. राज्य जिंकलं, पण नाणी बाद नाही केली, वर शिक्का मारून चालवली. रांगा नाहीत, काही नाही. असो.

वसई. मासळीचा व्यवसाय

ताई, मूळ लेखात "कोलिकनिकाय" असा शब्द आहे असं मी वाचलंय. म्हणजे ठेव आम्हा कोळ्यांकडे होती! धन्यवाद.

ठाणे. बँकेतून निवृत्त

दादा, माफ करा. तो कौलिक, म्हणजे विणकर. पण मासळी फुकट पाठवणार असाल तर मी खातं तुमच्या नावे करते.

पुणे. आयटी

माझ्या कामाची कुठल्याही लेण्यात खूण नाही. शोधून झालं. मी बहुतेक गुरं राखली असती, आणि मॅनेजर तेव्हाही विचारत असता की सगळी गुरं परत आली का.

चंद्रपूर. फर्निचरचं वर्कशॉप

आमचं आडनावच वाढई. लहानपणी शाळेत चिडवायचे, "काय रे, काय वाढतोस?" मोठेपणी कार्ल्याला गेलो तेव्हा एका अभ्यासकानं चैत्याच्या (प्रार्थनेच्या लेण्याच्या) दाराजवळचा छोटा लेख वाचून दाखवला: धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या वढकीनं, वेणुवासाच्या मुलानं, हे घराचं मुख केलं. वढकी म्हणजे सुतार. वढकी, वाढई. मी दोनदा वाचायला लावलं.

दगडाच्या लेण्यात सुताराचं काय काम, असं वाटेल. वर बघा. छताला लाकडी फासळ्या आहेत, आजही. खडकाला त्यांच्या आधाराची गरज नाही. लाकडी घराची सवय सुटली नव्हती म्हणून बसवल्या. मी गिऱ्हाइकाला कितीदा सांगतो की याला खाली पट्टी लागत नाही, तरी "दिसायला बरं दिसतं" म्हणून लावून घेतात.

सोलापूर. बांधकाम साइटवर इंजिनिअर

मी वडार. शिकलो, पगारावर काम करतो, पण वडील आयुष्यभर खाणीत दगड फोडत राहिले. त्यांना अजिंठ्याला नेलं होतं. चित्रांच्या लेण्यांत अंधार, गर्दी, त्यांना काही मजा आली नाही. चोवीस नंबरचं लेणं अर्धवट सोडलेलं आहे. तिथं मात्र ते तासभर हलले नाहीत. (हे लेणं सातवाहनांच्या नंतरचं, कबूल. पण छिन्नी तीच.)

भिंतीवर टाकीचे घाव तसेच आहेत. वडील बोट न लावता, हवेतच हात फिरवत बोलत होते. "हे वरून खाली आलेत. आधी छत केलं. परांची लागलीच नाही, खालचा दगड हाच त्यांचा माचा." मग एका जागी म्हणाले, "इथं दोन माणसं होती. हा तिरका घाव उजवीकडून आलाय आणि हा डावीकडून. हा दुसरा डावरा." मग पुढे, "हा नवीन होता. ह्याला ओरडा बसला असणार." मी हसलो. ते हसले नाहीत. भिंत बांधताना चूक झाली तर तोडून पुन्हा बांधता येते. इथं जादा दगड उडाला की उडाला, चिकटवायला काही नाही. खांब कोरत नव्हते ते, खांबाच्या भोवतालचं काढून टाकत होते. माझ्या साइटवर आराखडा चार वेळा बदलतो. त्यांच्यात पहिला घाव घालायच्या आधी आतलं सगळं देऊळ डोक्यात लागत असेल.

कान्हेरीच्या चैत्यातल्या लेखात "सेलवढकी" म्हणून उल्लेख आहे. शैल म्हणजे दगड, दगडाचे वढकी. वरच्या वाढईसाहेबांचे चुलतभाऊ म्हणायचे आम्ही. वडिलांना ते सांगितलं तर म्हणाले, "रोज किती पडायचा ते लिहिलंय का?"

मिरज. परिचारिका, प्रसूती विभाग

पितळखोऱ्याला राजवैद्य मागिलाचं नाव आहे, त्याच्या मुलीनं आणि मुलानं दिलेल्या दानात. कुड्याच्या लेण्यांतही वैद्य आहेत. सुईणीचं नाव मला कुठे दिसलं नाही. पण काम तर तिनंच केलं असणार, त्या भिक्षूंचं, राजांचं, सगळ्यांचंच.

मी मागे गेले असते तर सुईणच. पण प्रामाणिकपणे सांगते, मी एवढी जगलेच नसते. माझी पहिली वेळ अडली होती, सिझर करावं लागलं. म्हणून हा खेळ मला फार पुढे नेता येत नाही. माझा डाव तेविसाव्या वर्षी संपतो.

डोंबिवली. गृहिणी

मिरजेच्या ताई, तुम्ही गप्प केलंत. थोडं हलकं लिहिते.

मी तेव्हाही स्वयंपाकच करत असते, कुणी दुसरं करणार नाही हे दोन हजार वर्षांत सिद्ध झालंय. पण सामान बघा. मिरची नाही, ती पोर्तुगिजांनी आणली. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणे नाहीत, मका नाही, साबुदाणा नाही. म्हणजे साबुदाणा खिचडीतलं सगळंच गेलं. चहा नाही! तिखटाला मिरी आणि आलं. भाताला हरकत नाही. नारळ आहे, त्या बँकवाल्या ताईंच्या उषवदातानं तर आठ हजार नारळाची झाडं दान दिली आहेत. म्हणजे सोलकढी होऊ शकते, पण आमच्या मिस्टरांना लाल झणझणीत मिसळ लागते. ते सातवाहन काळात पहिल्याच आठवड्यात संन्यास घेतील. लेणी आहेतच.

आणि हो, लेखांत "घरिणी" असा शब्द येतो, अमक्याची घरिणी, तिनं पाण्याचं टाकं दिलं वगैरे. माझ्या बँकेच्या फॉर्मवर "व्यवसाय: काही नाही" असं दुसऱ्यानंच भरलं होतं. त्यापेक्षा घरिणी बरं.

चेन्नई. ॲपच्या मजकुराचं भाषांतर

मी मराठी-तमिळ काम करते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं चांदीचं नाणं पाहिलंत का? एका बाजूला राजाचा चेहरा आणि प्राकृतात मजकूर, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर दक्षिणेच्या भाषेत. "वासिठीपुतस"मधल्या "पुतस"चं तिकडे "मकणकु" होतं, तमिळमध्ये "मगनुक्कु" म्हणजे मुलाला. एवढ्याशा नाण्यावर! आम्हाला "बटणात अक्षरं मावत नाहीत, लहान करा" असा मेल येतो तेव्हा मला तो मनुष्य आठवतो. त्यालाही टांकसाळीतून निरोप येत असणार.

तेर, जि. धाराशिव. शिक्षक

आमच्या गावात हा खेळ वेगळा खेळायची गरजच पडत नाही. तेर म्हणजे तगर. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी टिपणात भरुचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर, असं लिहिलंय. तगराहून कापड जायचं. लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही पोरं पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर पळायचो. माती वाहून गेलेली असायची आणि मणी उघडे पडायचे. लाल, काळे, पट्ट्यांचे. शंखाच्या बांगडीचे तुकडे. आम्ही त्या मण्यांनी गोट्या खेळलोय, आता सांगायला लाज वाटते. नंतर सगळे नेऊन गावातल्या लामतुरे संग्रहालयात दिले.

तिथं हस्तिदंताची एक छोटी बाई आहे. तशीच ठेवण असलेली मूर्ती इटलीत पाँपेईत १९३८ मध्ये सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच पोचलेली. मी मुलांना विचारतो, तुम्ही तेव्हा कोण असता? एक मुलगी म्हणाली, "सर, मी मणी ओवणारी." का? "भोक पाडणाऱ्याचे डोळे जातात."

तिची आई बिड्या वळते.

येवला. पैठणी विणतो

बँकवाल्या मॅडम, तुमचा हिशेब चार वेळा वाचला. जुळतो, छान. पण तुम्ही सगळ्यांनी तो देणाऱ्याच्या बाजूनं वाचला. ते २४० कार्षापण दर वर्षी भरायचे कुणी? विणकरांनी. दुसऱ्या श्रेणीचे साडेसात महिन्याला, वर्षाचे ९०. आणि मुद्दल कधीच फिटायचं नाही, असं लेखातच आहे. म्हणजे बापाचं व्याज मुलगा भरणार, मुलाचं नातू. पाऊस झाला नाही, कापूस आला नाही, वाट बंद झाली, तरी बाराव्या महिन्याला वीस भिक्षूंचे पैसे तयार.

तक्रार नाही करत. भांडवल मिळालं असेल, त्यावर माग वाढले असतील, आमच्या लोकांवर एवढा भरवसा होता हीही गोष्ट खरीच. मी स्वतः रेशमासाठी उचल घेऊनच बसतो. एका साडीला दोन-अडीच महिने जातात, पैसे साडी विकल्यावर. फक्त वाचताना पहिल्यांदा मनात आलं ते व्याजाचं, दानाचं नाही.

तो कोलिकनिकाय शब्द भिंतीवर नेमका कितव्या ओळीत आहे ते सांगाल का? दिवाळीनंतर माग जरा मोकळा झाला की वडिलांना घेऊन जातो. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, पण म्हणाले, हळूहळू चढू.

ठाणे. बँकेतून निवृत्त

तुम्ही तारीख कळवा. मी येते, ओळ मीच दाखवते. वडिलांसाठी वर बसायला घडीची खुर्ची आणेन.