क्वेव्री पाझरत का नाही?
आतून झिलई दिलेली असते म्हणून क्वेव्रीतून, म्हणजे जॉर्जिया देशातल्या वाइन करायच्या मातीच्या रांजणातून, वाइन पाझरत नाही, असं या चर्चेत वर कुणी लिहिलंय, ते पटलं नाही. तिथे भट्टीतून काढलेला रांजण गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण फासतात. ते मातीच्या छिद्रांत मुरतं. मग तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, त्यामुळे तापमान फारसं वरखाली होत नाही.

क्वेव्रीत वाइन करण्याच्या पद्धतीचा आठ हजार वर्षांचा वारसा, युनेस्कोच्या वारसा यादीतली तिची २०१३ची नोंद, सगळं या चर्चेत आलंय. धुण्याबद्दल मात्र कुणीच बोललेलं नाही, आणि खरी मेहनत तिथेच आहे! पुरलेला रांजण उपडा करता येत नाही. चेरीच्या झाडाच्या सालींचा जुडगा लांब काठीच्या टोकाला बांधून भिंती घासायच्या, पाणी उपसायचं, नितळ पाणी येईपर्यंत पुन्हा तेच. मोठ्या रांजणात तर माणूसच आत उतरतो.