‘द कासल ऑफ पर्सिव्हरन्स’चा लेख वाढवतेय, तीन ठिकाणी अडलेय

चाफेकळी:
मंडळी, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या इंग्रजी नीतिनाटकावरचा (गुण-दुर्गुणच पात्रं होऊन येतात असं नाटक) लेख विकिपीडियासाठी माझ्या धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या कच्च्या पानावर, लिहितेय. कथानक लिहून काढलं आणि वाचताना मलाच जांभई आली. माणूस जन्मतो, बिघडतो, सद्गुणांच्या किल्ल्यात जातो, म्हातारपणी लोभाला भुलून बाहेर येतो, मरतो, देव माफ करतो. संपलं.

खरी गंमत हस्तलिखितातल्या रंगस्थळाच्या आराखड्यात आहे. (हस्तलिखित आता वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहे.) मधोमध किल्ला, त्याखाली पलंग, भोवती गोल खंदक. पात्रांसाठी पाच मचाणं: पूर्वेला देव, दक्षिणेला देह, पश्चिमेला जग, उत्तरेला सैतान बेलियल, ईशान्येला लोभ. मग लेखाची सुरुवात इथूनच केली तर?

अडलेय ती अशी:
खंदक नक्की कुठे? प्रेक्षकांसकट सगळ्या मैदानाभोवती, की फक्त किल्ल्याभोवती? काल गच्चीवर खडूने वर्तुळ काढलं, पाच खुर्च्या मांडल्या, मध्ये खाट. दोन्ही पटतं!
बेलियल लढाईला निघताना त्याच्या हातांत, कानांत आणि ढुंगणात जळत्या बंदुकीच्या दारूच्या नळ्या असाव्यात, अशी सूचना आहे. विश्वकोशात ‘ढुंगण’ चालेल?
आणि पात्रांची नावं मराठीत करू की मूळच ठेवू?

जुना_संपादक:
खंदकाचा निकाल तू लावायचा नाहीस. अभ्यासकांपैकी रिचर्ड सदर्न यांनी १९५७ मध्ये मैदानाभोवतीचा खंदक मांडला, नॅटली क्रोन श्मिट यांनी १९६९ मध्ये तो किल्ल्याभोवतीच आहे म्हटलं. दोघांची मतं नावानिशी दे. खंदक जमत नसेल तर भक्कम कुंपण घाला, असं आराखड्यातच लिहिलंय, तेही टाक. गच्चीचा प्रयोग मात्र इथेच राहू दे, तिकडे तो ‘मूळ संशोधन’, म्हणजे छापील आधार नसलेलं स्वतःचं मत, म्हणून उडवतील.

विंगेतून:
वीस वर्षं नेपथ्य करतोय, म्हणून सांगतो. त्या आराखड्यात लिहिलंय की किल्ल्यापाशी कुणाला बसू देऊ नका, दिसायला अडथळा होतो. हे वाक्य लेखात हवंच. सहाशे वर्षांपूर्वीही पुढे बसणाऱ्यांचा ताप तोच. आणि ‘ढुंगण’च लिही. ‘पार्श्वभाग’ म्हटलंस की ठिणग्याच विझतात.

शेवगा:
नावं मराठीत कर. अकराव्या शतकातल्या कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत नाटकात विवेक, महामोह, दंभ, लोभ अशी पात्रं आहेतच, आपल्या कानाला त्यात नवं काही नाही. पण माणसाचा माल न्यायला येतो त्या पोऱ्याचं काय करशील? नाव विचारलं तर म्हणतो, ‘आय वॉट नेव्हर हू’.

जुना_संपादक:
‘प्रबोधचंद्रोदय’ चर्चापानावर ठीक. लेखात घातलंस तर संबंध सुचवल्यासारखं होईल.

चाफेकळी:
पोऱ्याला ‘कोण जाणे’ केलं. जन्मभर जमवलेलं ‘कोण जाणे’ घेऊन गेला! मराठीत आयतंच बसलं. मूळ नाव पहिल्या उल्लेखाला शेजारी ठेवलंय. ‘ढुंगण’ही ठेवलं, बघू किती दिवस टिकतं.

आणि सुरुवात पलंगावरून केली. आत्म्याचं काम करणाऱ्याने आपली पाळी येईपर्यंत पलंगाखाली पडून राहायचं, असं आराखडा सांगतो. नाटक साडेतीन हजारांहून जास्त ओळींचं, आणि आत्मा उठतो माणूस मेल्यावर. गच्चीवर खाटेखाली भाच्याला घातलं होतं. लोभाच्या खुर्चीपर्यंत पोचले तोवर आत्मा घोरत होता.