नुसती केबल चालणार नाही, कन्व्हर्टर लागेल

तुम्ही लिहिलंय की नवीन सेट टॉप बॉक्सला फक्त एचडीएमआय आहे, आईंच्या खोलीतला टीव्ही जुना पिक्चर ट्यूबवाला, आणि एका टोकाला एचडीएमआय दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी पिन अशी केबल आणूनही पडदा काळाच. टीव्ही बिघडला असं लगेच समजू नका हो. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल जातो आणि पिवळ्या पिनेला ॲनालॉग हवा असतो, मध्ये तो बदलणारी चिप नसेल तर त्या तारेतून काहीच दिसणार नाही. छोट्या डबीसारखा एचडीएमआय टू एव्ही (एव्ही म्हणजे त्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना) कन्व्हर्टर मिळतो तो घ्या, त्याला यूएसबीने पॉवर द्यायला विसरू नका, आणि घेताना नाव नीट वाचा कारण एव्ही टू एचडीएमआयवाला दिसायला अगदी तसाच पण काम बरोबर उलटं करतो.

मी गावी बाबांसाठी असाच लावला तर चित्र काळंपांढरं आणि सारखं वर सरकतंय, अर्धा दिवस पिना काढघाल करण्यात गेला, मग डबीच्या कडेला पाल-एनटीएससीचं (टीव्ही सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती) बारीक बटण दिसलं, ते एनटीएससीवर होतं. आपल्याकडचं जुनं प्रसारण पालचं, ६२५ रेषा ५० हर्ट्झ, आणि एनटीएससी म्हणजे ५२५ रेषा आणि जवळपास ६०. बटण पालवर सरकवलं आणि लगेच रंग आले, बाबा इतके खूश झाले!

अजून एक, बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा, करा, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतात. बारीक अक्षरं मात्र थोडी पुसटच राहतील.