पोरानं कासीम रझवी ‘अ‍ॅक्ट’ केला, ‘परफॉर्म’ केला की ‘प्ले’ केला?

गळ्यातला_तास
राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. खरं तर विज्ञानाचा माणूस. इंग्रजीचे सर बदलून गेले तेव्हापासून त्यांचे तास माझ्या गळ्यात. यंदा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, पोरांनी नाटुकलं बसवलं. सातवीतला एक स्वामी रामानंद तीर्थ झाला, नववीतला एक उंच पोरगा कासीम रझवी, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या. (या कामासाठी पोरं भांडतात. रझवी लातुरात वकिली करायचा म्हणून तो आपला वाटतो, शिवाय स्टेजवर ओरडायला मिळतं.) निजामाला कुणाच्या तरी आजोबांची शेरवानी घातली, ती घोट्यापर्यंत आली.

अहवाल इंग्रजीत पाठवायचा होता. मी लिहिलं, ‘ही अ‍ॅक्टेड अ‍ॅज कासीम रझवी.’ कागद परत आला, खाली लाल रेघ. ‘ही परफॉर्म्ड कासीम रझवी’ केलं, परत रेघ. तिसऱ्यांदा शब्दकोशात बघून ‘इम्पर्सोनेटेड’ घातलं. त्यावर साहेबांनी फोनच केला. नुसते हसत होते, का ते सांगितलं नाही.

मराठीत ‘त्यानं रझवीचं काम केलं’ म्हटलं की आपण मोकळे. इंग्रजीत काय म्हणायचं, आणि बाकीचे का चालत नाहीत?

विंगेतला_माणूस
‘ही प्लेड कासीम रझवी.’ झालं. ‘प्लेड द पार्ट ऑफ’ किंवा ‘प्लेड द रोल ऑफ’ लिहिलंत तरी चालेल, पण उगाच लांबण.

‘अ‍ॅक्ट’च्या पुढं पात्राचं नाव सहसा बसत नाही. ‘ही अ‍ॅक्ट्स वेल’, ‘ही अ‍ॅक्टेड इन अ प्ले’, एवढ्यावर ते थांबतं. ‘अ‍ॅक्ट अ‍ॅज’ म्हणजे दुसऱ्याची जागा किंवा जबाबदारी सांभाळणे. मुख्याध्यापकाची जागा रिकामी असली की ज्येष्ठ गुरुजी प्रभारी होतात, ते ‘अ‍ॅक्टिंग हेडमास्टर’. तुमचं वाक्य वाचून असं वाटतं की रझवीसाहेब रजेवर होते आणि तोवर रझाकारांचा कारभार नववीतल्या पोरानं बघितला.

‘परफॉर्म’ला माणूस लागत नाही, प्रयोग लागतो. नाटक, नाच, पोवाडा, भारूड. ‘दे परफॉर्म्ड अ भारूड’ एकदम बरोबर. मूळ जुन्या फ्रेंच शब्दात ‘पुरतं करणे, तडीस नेणे’ असा अर्थ होता, म्हणून इंग्रजीत डॉक्टर ऑपरेशनसुद्धा ‘परफॉर्म’ करतो.

मजा म्हणजे आपले शब्द यांच्यापासून फार लांब नाहीत. ‘अ‍ॅक्ट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘करणे’ आहे, आणि आपणही ‘काम केलं’च म्हणतो. ‘प्ले’ म्हणजे खेळ. तमाशाचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आपल्याकडंही असतोच. ‘रोल’ ही मुळात कागदाची गुंडाळी, नटानं पाठ करायची वाक्यं जिच्यावर लिहिलेली असत ती. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत त्याच कागदांना ‘नक्कल’ म्हणत. ‘नक्कल पाठ झाली का?’ म्हणजे मिमिक्री नव्हे, तुझ्या वाट्याची वाक्यं!

गेवराईची_वकीलबाई
साहेब का हसले ते मी सांगते. ‘इम्पर्सोनेट’ म्हटलं की आम्हाला आधी तोतया आठवतो. परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर डमी बसवला, पोलीस असल्याचं सांगून पैसे उकळले, तिथं हा शब्द. जुन्या दंड संहितेत तोतयेगिरीनं फसवणूक केल्याची शिक्षा कलम ४१९ मध्ये होती. तुमचा विद्यार्थी अहवालातून थेट आरोपीच्या पिंजऱ्यात गेला.

पण शब्द अगदी गुन्हेगारच आहे असंही नाही. पुढाऱ्यांचे आवाज काढणाऱ्या कलाकारालाही इंग्रजीत ‘इम्पर्सोनेटर’ म्हणतात. माझ्या लहानपणी दारात रायरंद, म्हणजे बहुरूपी, यायचा. खाकी कपडे, हातात दांडा, आणि आजीवर डाफरायचा, ‘म्हातारे, सुनेला उपाशी ठेवतीस? वॉरंट निघालंय तुझं!’ सून म्हणजे माझी आई, आतून हसायची. आजी सूपभर ज्वारी घालायची. तो पोलीस नाही हे आजीला ठाऊक, आणि आजीला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक. एवढ्यावरच तो कलमातून सुटतो.

पान_तीन
पेपरात ‘एसेड द रोल’ वाचून ते लिहू नका. ते आपल्याकडच्या सिनेमाच्या पानांवरचं इंग्रजी. ‘एसे’ म्हणजे प्रयत्न करून पाहणे. ‘पोर्ट्रेड’ चालतं, पण ते परीक्षण लिहिणाऱ्याच्या तोंडी जास्त शोभतं. आणि पोरं नुसती वेशभूषा करून रांगेत उभी राहिली असतील तर ‘ड्रेस्ड अप अ‍ॅज’.

गळ्यातला_तास
लई उपकार. ‘प्रभारी रझवी’ वाचून स्टाफरूममध्ये चहा सांडला.

अजून एक. आमच्याकडं ‘सोंग’ सगळीकडं चालतं. भारुडात बाप्या बाईचं सोंग घेतो तेही सोंग, आणि गणिताच्या तासाला पोट दुखायलंय म्हणतात तेही सोंगच. इंग्रजीत?

विंगेतला_माणूस
भारुडातलं ‘प्ले’. पोटदुखीचं ‘प्रिटेंड’, पेपरी भाषेत ‘फेन’. तरी ‘प्ले’ तिथंही घुसतोच: मेल्याचं सोंग ‘प्ले डेड’, वेड पांघरणं ‘प्ले द फूल’.

गळ्यातला_तास
चौथा कागद गेला, रेघ आली नाही. फक्त निजामाचं राहिलंय. त्याला एक वाक्य नव्हतं, नुसतं खुर्चीत बसायचं होतं. त्यालाही ‘प्लेड’च का?

विंगेतला_माणूस
त्यालाही ‘प्लेड’च.

गळ्यातला_तास
बरं. तो म्हणायलाय, ‘सर, माझं नाव पहिलं टाका, मी राजा होतो.’